तिसऱ्यांदा वळवलेलं यान

“मंगळच जिंकला!” आबांनी जेवता जेवता मोबाइल उंचावला. “मीही त्यालाच मत दिलं.”

मृणालिनीनं हातातली वाटी ओट्यावर आदळली. लोकमत येईल तिकडे अंतराळयान वळवायचं, असा कायदाच होता, आणि दुपारी अंतराळ केंद्रातून तो आदेश तिलाच पाठवावा लागला होता.

“आबा, मागच्या वेळी तुम्ही शनीला मत दिलंत, त्याआधी शुक्राला. यान म्हणजे काय रिक्षा वाटली तुम्हाला? या वळणात उरलंसुरलं इंधन संपलं. आता ते मंगळावरही पोचणार नाही!”

“अगं, आमच्या ग्रुपवर सगळेच मंगळ म्हणत होते,” सासरे ओशाळून म्हणाले. “हे आधी सांगायचंस ना.”

“दर वेळी सांगितलं! ऐकलं कुणी? माझं अर्धं आयुष्य गेलं त्या यानात.”

तेवढ्यात आबांचा मोबाइल वाजला. नवं मतदान सुरू झालं होतं: ‘यान वाया कुणी घालवलं?’ खाली तीन शास्त्रज्ञांचे फोटो होते. पहिलाच मृणालिनीचा.

आबांनी सुनेकडे पाहिलं. मग ते ग्रुप उघडून, सगळे कुणाला मत देताहेत, ते बघू लागले.