पुढच्या ब्रेकची थरथर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. सुट्टीनंतर माझ्या नातीनं, शिवानीनं सायकल ढकलत बाहेर काढली, तर पुढचा ब्रेक दाबताच हँडल थरथरायला लागलं. तिच्या आईनं तंबी दिली, "आपटली असशील तर उद्यापासून पायी शाळेत!"

तशीच ढकलत आम्ही ती मुरुडच्या जिलानी मिस्त्रीकडं नेली. त्यानं चाक फिरवलं. दर फेऱ्याला रिम एकाच जागी ब्रेकच्या रबराला घासत होती.

"रिम आऊट झालीय, अप्पा. कुणीतरी खड्ड्यात घातलीय," म्हणत त्यानं शिवानीकडं संशयानं बघितलं.

"म्या न्हाई!" ती रडकुंडीला आली.

"पोरीकडं काय बघतोस?" मी म्हणालो. "अंगणात देवणी वळू शिरला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं सायकल शिंगावर घेतली, दोनदा गरगर फिरवली अन् दाणकन आपटली!"

जिलानीनं मान हलवत रिम सरळ केली. शिवानी सायकलवर बसली, तर तिचे पाय पायडलला पुरेनात.

"आजोबा, वळूनं सीटबी आपल्या मापानं वर करून घेतली व्हय?"