सुजलेले घोटे

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाने उन्हाळ्याच्या सुट्टीत अंध लोकांसाठी एक दिवस ठेवला होता. त्या दिवशी मूर्तींना हात लावायची मुभा होती. तिथल्या पहारेकऱ्याने बावीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या आंधळ्या आईला कामाच्या जागी आणलं आणि तिचा हात धरून एका दगडी बाईच्या खांद्यावर ठेवला.

"राणी असावी, असं इथले प्राध्यापक म्हणतात," तो म्हणाला.

आईने खांदे, कंबर, गुडघे सावकाश चाचपले. मग ती खाली बसली आणि मूर्तीच्या पावलांवरून बराच वेळ बोटं फिरवत राहिली.

"राणी कसली? टाचांना भेगा आहेत हिच्या. घोटे बघ कसे सुजलेत. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे पाय आहेत हे."

त्याने वाकून पाहिलं. आई म्हणत होती ते खरं होतं.

"संध्याकाळपर्यंत सुजतातच गं. बोटं तर बधिर होतात," तो बोलून गेला.

आईचा हात थांबला. तिने चाचपडत त्याचा बूट शोधला आणि नाडी सोडायला घेतली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मला तर तू सांगितलं होतंस, बसायला खुर्ची आहे म्हणून."