वाघोबाचा सोमवार

“कहाणी वाचल्याशिवाय उपास सोडायचा नाही,” सासूबाईंनी बजावलं होतं. यजमान गेल्यापासून कुमुदआजींना सकाळी उठायला व्रतांखेरीज कारणच उरलं नव्हतं. आज श्रावणी सोमवार, आणि कहाण्यांचं पुस्तक सापडेना! शेजारची इरा मुठीत अक्षता धरून ऐकायला बसलेली.

शंकराची मनोमन क्षमा मागून आजींनी सुरुवात केली, “आटपाट जंगल होतं. तिथल्या वाघोबानं सोमवार धरला.”

“म्हणजे साबुदाणा खाल्ला?”

“खाल्ला, पण मिशांना चिकटला. उंदीरमामा फणी घेऊन आले...”

इरा हसता हसता लोळली. अक्षता घरभर झाल्या. “आजी, ही कुठल्या पुस्तकात आहे? मला वाचायचीय.”

“कुठल्याच नाही गं.”

“मग पुस्तक लिही! रोज एक गोष्ट. देवासमोर कबूल कर!”

आजींनी हात जोडले. कित्येक महिन्यांनी त्यांना उद्याची घाई झाली होती. पायात चपला सरकवून त्या दोनशेपानी वही आणायला निघाल्या.