आकारामचा पाचवा फाउल

पंचांनी शिट्टी फुंकली आणि हाताची पाच बोटं वर केली. आकाराम खाली मान घालून मैदानाबाहेर चालू लागला. साताऱ्याची पोरं उड्या मारायला लागली. सांगलीच्या शाळेचे ड्रिलमास्तर गोपाळकृष्ण मात्र होते तिथंच बाकावर बसले. पाच फाउल झाले की गडी बाद. खेळ संपायला चार मिनिटं उरली होती, सांगली तीन गुणांनी मागं होती, आणि सव्वासहा फुटांचा आकाराम आता काही परत येणार नव्हता.

आकाराम आहे तोवर बास्केटबॉलचा कप आपला, असं मास्तर तीन वर्षं सांगत आले होते. बाकीच्यांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. चेंडू मिळाला की उंच फेका, पुढचं तो बघेल. आकाराम रिंगखाली उभा राहायचा, दोघातिघांच्या डोक्यांवरून चेंडू घ्यायचा आणि अलगद रिंगमध्ये सोडायचा. चव्वेचाळीस साली कप आला, पंचेचाळीस साली आला. "हा गेला की कप गेला," असं मास्तर भेटेल त्याला ऐकवायचे. आकारामच्या देखतसुद्धा.

म्हणूनच तो गेला नव्हता. आटपाडीकडचा हा पोरगा विशीला आला तरी मॅट्रिकच्याच वर्गात होता, तिसऱ्या वर्षी. मॅट्रिक झाला की गावच्या शाळेत त्याला मास्तरकी मिळणार होती. त्याचा बाप केरबा दर सुगीनंतर ज्वारीची पिशवी घेऊन वसतिगृहावर यायचा आणि विचारायचा, "आवं मास्तर, यंदा तरी व्हईल न्हवं?"

मॅट्रिकचा फॉर्म पाठवण्याआधी शाळा स्वतःची चाचणी घ्यायची. मागच्या दोन्ही वर्षी तिच्यात आकाराम गणितात चार-पाच गुणांनी राहिला. एवढ्यासाठी हेडमास्तर कुणाचा मॅट्रिकचा फॉर्म अडवत नसत. वसतिगृह गोपाळकृष्ण मास्तरांकडं होतं, म्हणून हेडमास्तरांनी दोन्ही वेळा त्यांनाच विचारलं. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "कच्चा आहे. अजून एक वर्ष थांबू दे." पोराच्या भल्याचंच बोललो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. केरबा समोर आला की ती समजूत टिकत नसे. यंदाची चाचणी पंधरा दिवसांवर आली होती.

"मास्तर, कोण येतंय आत?" कप्तान गुंडानं मैदानातून हाक दिली.

बाकावर एकटा शरच्चंद्र उरला होता. चष्म्याला मागून सुतळी बांधलेला, कसाबसा गुंडाच्या खांद्याला लागणारा. मास्तरांनी त्याला नुसता हात केला.

थोड्याच वेळात गुंडाच्या हाती चेंडू आला. सवयीनं त्यानं वर बघितलं. वर कुणीच नव्हतं. तो गडबडला. मग त्यानं चेंडू जमिनीवर आपटून खालूनच शरच्चंद्रकडं ढकलला आणि स्वतः रिंगकडं धूम ठोकली. शरच्चंद्रनं चेंडू परत त्याच्याच हातात दिला. साताऱ्याचे दोन धिप्पाड गडी सबंध खेळभर आकारामला धरून होते. आता कुणाला धरावं ते त्यांना कळेना. ते वळेपर्यंत चेंडू रिंगमधून खाली आला होता.

मास्तर उठून उभे राहिले. हा खेळ त्यांनी शिकवलेला नव्हता. पोरं पळत होती, चेंडू या हातातून त्या हातात जात होता, आणि आजवर नुसता चेंडू उंच फेकणारी पोरं स्वतः रिंगवर मारत होती. साताऱ्यानं एकदा चेंडू रिंगमध्ये टाकला. सांगलीनं पुन्हा टाकला. अगदी शेवटी शरच्चंद्रनं डोळे मिटून मारल्यासारखा चेंडू मारला. तो रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि आत पडला. तीस-एकोणतीस. शिट्टी झाली.

पोरांनी शरच्चंद्रला खांद्यावर घेतलं. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला, आणि तो संपता संपेना. आकारामवाचून जिंकता येतं. म्हणजे आकारामला सोडता येतं. दोन वर्षं छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं.

आकाराम मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसला होता. तोंडावर पंचा ओढलेला, खांदे गदगदा हलत होते. मास्तर त्याच्या शेजारी धुळीतच बसले.

"रडू नकोस," ते म्हणाले. "आधी माझं ऐक. दोन्ही वर्षी हेडमास्तर तुझा फॉर्म सोडायला तयार होते. मी नको म्हटलं. कपासाठी. तुझ्या वडलांनाही मी हे सांगणार आहे. यंदा गुण कमी पडले, तरी मी स्वतः हेडमास्तरांपुढं उभा राहीन. तुझा फॉर्म जाणार."

आकारामनं पंचा खाली घेतला. डोळे भिजले होते, पण तोंडभर हसू होतं. तो रडत नव्हताच.

"कमी न्हाई पडायचं, मास्तर," तो म्हणाला. "गणित येतंय मला. मी गेलो तर कप जाईल, म्हणून दोन्ही साली शेवटची दोन गणितं मीच सोडून दिली व्हती."