टेकडीवरचं बेणं

मोठ्या दुष्काळात उपाशी मेलेल्यांनी टेकडीवर घातलेल्या बटाट्याच्या वरंब्यांना आमच्या बापाने जन्मात कधी फावडं लावलं नव्हतं. धाकट्या फर्गलने लावलं, वर खत म्हणून किनाऱ्यावरचं शेवाळही पसरलं.

"मेलेल्यांना काय करायचीय जमीन, ताई?"

धुसफुसतच मी बटाट्याचं बेणं कापून दिलं, त्याने ते पुरलं. दुसऱ्या दिवशी माती हललेली दिसली म्हणून उकरलं, तर प्रत्येक फोडीचा गर खाल्लेला आणि कोंब फुटतो तो डोळा तेवढा नीट पुरलेला. उपासमारीत लोक असंच करायचे.

"उंदीर असतील."

"उंदीर परत पुरून ठेवतात होय रे, गाढवा?"

भर दुपारी एप्रनमध्ये नवं बेणं घेऊन मी वरंब्यावर उभी राहिले. "हिंमत असेल तर माझ्यासमोर खा!" मी ओरडले.

कुणी आलं नाही. फर्गल मात्र माझ्याकडे बघून पांढराफटक पडला. एप्रनमध्ये नुसते डोळे उरले होते.

"ताई, तू काय चावतेयस?"