टाक्यातला समुंदर

नळाला पाणी आलं तेव्हा उत्कर्षा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. न्हाणीघरातल्या टाक्यावरचा नळ उघडाच ठेवलेला असायचा. रिसाली वसाहतीतल्या त्या जुन्या क्वार्टरमध्ये पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून रिकामं टाकं वाजलं की घरातलं कोणीतरी धावायचं.

आज टाकं वाजलं नाही. आत कोणीतरी हसलं.

ती धावली. न्हाणीघराचं दार आतून लागलेलं होतं. सासूबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून उत्कर्षाच्या नवऱ्यानं, कमलेशनं, कडी खाली बसवून दिली होती. उन्नतीच्याही हाताला येईल एवढी खाली.

"उन्नती, दार उघड!"

"मी टाक्यात आहे ना," चार वर्षांची उन्नती आतून म्हणाली. "मम्मी, समुंदर आला!"

टाकं सिमेंटचं, मोठ्या माणसाच्या कमरेएवढं. सासूबाईंनी सकाळीच ते घासून ठेवलं होतं आणि बादली शेजारी पालथी घातली होती. चढायला बादली होती. आतून बाहेर यायला काहीच नव्हतं.

उत्कर्षानं दाराला खांदा मारला. दाराचा पत्रा नुसता थरथरला.

"आई, पाण्याचा मेन कॉक बंद करा! उन्नती टाक्यात आहे!"

सासूबाई, अन्नपूर्णाबाई, समोरच्या अंगणात पळाल्या. तिकडूनच त्यांचा आवाज आला. "फिरून राहिला वो हा, पन बंद नाही होऊन राहिला! थांब, शेजारच्या भैयालालले घिऊन येतो मी!"

उत्कर्षानं प्लास्टिकची खुर्ची न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लावली आणि वरच्या गजांच्या जाळीला तोंड लावलं. खाली दोन शेंड्या दिसल्या. उन्नतीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवरून नळाची धार शेजारी पडत होती. पाणी गुडघ्यांवर आलं होतं आणि फ्रॉक फुगून वर आला होता.

टाक्याच्या तळाला भोक होतं, भोकात चिंध्यांचा बोळा. वाकावं लागू नये म्हणून सासूबाईंनी बोळ्याला सुतळी बांधली होती. सुतळीचं टोक पाण्यावर तरंगत होतं.

"उन्नती, वर बघ. ती सुतळी दिसते ना? ओढ ती."

उन्नतीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही. तू मारशील."

"नाही मारणार."

"तूच तर म्हणते, बोळ्याले हात नाही लावायचा. नळाले नाही लावायचा. टाक्याजवळ नाही जायचं." ती थांबली. खाली पाण्याकडे पाहिलं, मग वर आईकडे. तिचा ओठ बाहेर आला. "मी तर आली."

उत्कर्षा ओरडणारच होती. पण ओरडलं की उन्नती जिथल्या तिथे खाली बसते, डोकं गुडघ्यांत घालून. रोज बसते. उत्कर्षानं जाळीचा गज घट्ट धरला आणि आवाज झोपवायच्या वेळचा केला.

"समुंदर छान आहे गं. पण त्याला आता घरी जायचं आहे."

"कावून?"

"रोज जातो तो. येतो आणि जातो."

कॉलेजात तिनं भरती-ओहोटीचं उत्तर आकृतीसकट लिहिलं होतं. समुद्र तिनं पाहिला नव्हता.

"त्याचं घर कुठं आहे?"

"त्या बोळ्याखाली."

"त्याची मम्मी आहे तिथं?"

"आहे ना. वाट बघून राहिली."

पाणी उन्नतीच्या पोटाला लागलं. तिनं अंग चोरलं, पण सुतळीला हात लावला नाही.

"मारते का ती त्याले?"

उत्कर्षानं कपाळ गजांना टेकवलं.

"नाही," ती म्हणाली. "मारायची. आता नाही मारणार."

उन्नतीनं थोडा विचार केला. मग सुतळी धरली आणि ओढली. बोळा हलला नाही. तिनं सुतळी मनगटाला गुंडाळली, मागे रेलली, आणि तिचा पाय घसरला.

पाण्यावर फक्त फ्रॉक उरला.

उत्कर्षाचा हात जाळीत कोपरापर्यंत गेला आणि अडकला. तिनं हाक मारली की नाही, तिला कळलं नाही. मग तळाशी घशात काही अडकल्यासारखा आवाज झाला, पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, आणि शेंड्या वर आल्या. उन्नती खोकत होती. मनगटाला सुतळी, सुतळीला बोळा.

भैयालालनं लोखंडी सब्बल घालून दार बिजागरीतून उखडलं तोवर टाक्यात घोट्याएवढं पाणी उरलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी नातीला उचलून छातीशी धरलं. "समुंदर पाह्यते म्हनं! बापानं अजून ट्रेनमंदी नाही बसवलं अन् हे चालली समुंदर पाह्याले," असं म्हणत म्हणत त्या रडल्या.

उत्कर्षानं नळ पिळून बंद केला. दोन्ही हातांनी.

संध्याकाळी घरात भैयालालच्या घरून भरून आणलेली एक पितळी गुंडी सोडून पाणी नव्हतं. अन्नपूर्णाबाई उखडलेल्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"नळ बंद हाय का वो?"

"हो."

"मंग उद्या पानी आलं तं समजंल कसं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्याले का देशील पोरीले?"

उत्कर्षा उठली. तिनं टाक्यात उतरून भोकात बोळा बसवला आणि टाचेनं दाबला. बाहेर येऊन नळ पूर्ण उघडला. त्यातून नुसती हवा फुसफुसली. बादली उचलून तिनं छज्ज्यावर ठेवली आणि दार नसलेल्या उंबऱ्यावर, टाक्याकडे तोंड करून बसली.

उन्नती येऊन तिच्या पाठीवर रेलली. केस अजून ओलेच होते.

"मम्मी, समुंदर उद्या किती वाजता येते?"

"माहीत नाही," उत्कर्षा म्हणाली. नळावरची नजर तिनं काढली नाही.