जबड्यातला सूर

डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांडीने डावीकडच्या नव्या दाढेच्या स्क्रूवर टकटक केली. टण्ण आवाज आला. हा स्क्रू दस्तगीरचाचांच्या मूळ हाडात बसवला होता. त्याची काळजी नव्हती. उजवीकडचं हाड मात्र पूर्वीच झिजलं होतं, म्हणून तिथे हनुवटीच्या हाडाचा तुकडा लावून त्यात दुसरा स्क्रू बसवला होता.

"हा रुजला नसेल तर काढावा लागेल, चाचा. या वयात पुन्हा नाही करता येणार."

"मी तेव्हाच म्हणाले होते," चाचींनी मागून टोमणा मारला. "इथलं हाड तिथं लावून कुठं रुजतं?"

आता उजव्या स्क्रूवर टकटक झाली. चाचांनी डोळे मिटले. पन्नास वर्षं तबले सुरात लावतानाही ते असेच डोळे मिटून ऐकत. केसभर फरक त्यांच्या कानातून सुटत नसे.

"थांबा, एक्स-रे काढूया," बाई म्हणाल्या.

"काढा की. पण रुजलाय तो. डावा-उजवा एकाच सुरात बोलतायत."

फोटोत हाड स्क्रूला घट्ट बिलगलेलं दिसलं. बाई चाचांकडे बघतच राहिल्या.

चाचींनी पदराने डोळे टिपले. "मग शेंगदाणे कधीपासून भाजू?"